बक्षीस मिळालेली काठी खुंटीला का लागली?

प्रश्न एका तरुण प्राध्यापकांचा आहे. ते कोल्हापूरजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात. थोडक्यात ते म्हणतात: ‘माझ्या विद्यार्थ्यांनी अंधांसाठी सेन्सरची स्मार्ट काठी केली. खर्च बाराशे रुपये. स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. ती काठी आम्ही गावातल्या एका अंध काकांना दिली. सहा महिन्यांनी गेलो तर काठी खुंटीला, आणि काका जुनीच पांढरी काठी घेऊन हिंडतायत. आरोग्य आणि दिव्यांगांसाठी स्वस्त तंत्रज्ञानात काम करायची मनापासून इच्छा आहे. पुढच्या वर्षी कुठलं उपकरण घ्यावं? निधी कुठून मिळेल? आणि या काठीचं आता काय करू?’

सर, तुम्ही सहा महिन्यांनी परत गेलात, यातच निम्मं काम झालंय. बहुतेक जण काठी देतात, फोटो काढतात आणि निघतात. मी कोल्हापुरातच यंत्र अभियांत्रिकी शिकवतो, वीसेक वर्षं झाली. माझ्याही दोन-तीन वस्तू अशाच खुंटीला लागल्या आहेत. त्यामुळे ‘कुठलं उपकरण घ्यावं’ या प्रश्नाला मी थेट नाव सांगणार नाही. तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे. काकांनी ती काठी नेमकी कुठल्या दिवशी, कुठल्या कारणाने बाजूला ठेवली? ते कळलं की पुढचं उपकरण आपोआप सुचतं. न कळता नवीन उपकरण घेतलंत तर पुढच्या वर्षी खुंट्या दोन लागतील.

काठीबद्दल माझा अंदाज सांगतो, पण तो अंदाजच आहे. काका वेगळंही सांगतील. साध्या पांढऱ्या काठीला जमिनीपासून गुडघ्यापर्यंतचं बरंच कळतं: पायरी, खड्डा, उघडं गटार. तिला कळत नाही ते गुडघ्याच्या वरचं. उभ्या ट्रकचा फाळका, दुकानाची खाली आलेली पाटी, झाडाची फांदी. आणि आपल्याकडे साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की रस्त्याच्या कडेला उभ्या ट्रॉल्या. चाकं मागे असतात आणि ऊस दोन-तीन फूट बाहेर. काठी ट्रॉलीखालून मोकळी फिरते आणि माणसाच्या तोंडावर उसाची टोकं येतात. विद्यार्थ्यांच्या काठ्या बहुतेक वेळा सेन्सर खाली बसवतात, म्हणजे काठीला जे आधीच कळतंय तेच पुन्हा सांगतात. वर बझर लावतात. अंध माणूस रस्ता कानाने बघतो. महाद्वार रोडवर संध्याकाळी असा बझर थांबणारच नाही, आणि तो थांबत नाही म्हणजे त्या माणसाच्या डोळ्यांवर आपण फडकं बांधलं.

आयआयटी दिल्लीत प्रा. एम. बालकृष्णन यांच्या गटाने केलेली ‘स्मार्टकेन’ बघा. तीही विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातूनच सुरू झाली. तिच्यात सेन्सरचा भाग मुठीशी बसतो, गुडघ्याच्या वरचा अडथळा शोधतो आणि आवाज न करता मुठीत थरथरून सांगतो. ती लोकांच्या हातात पोचायला २०१४ साल उजाडलं. मधली वर्षं गेली ती अंध माणसांबरोबर चालण्यात. सेन्सर तुमच्याही काठीत बहुधा त्याच जातीचा असेल, अल्ट्रासॉनिक, म्हणजे कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजाचा प्रतिध्वनी टिपणारा. फरक चालण्याचा आहे.

आता काठी सोडून मी माझ्या अनुभवाकडे येतो, कारण मला चुका तिथल्या जास्त माहीत आहेत.

काही वर्षांपूर्वी राधानगरी भागातल्या एका आशाताईंनी मला एका शेतकऱ्याची गोष्ट सांगितली. मधुमेह जुना. दिवसभर रानात काम करून आले, रात्री पाय धुताना पाणी लाल झालं तेव्हा कळलं की तळव्यात खिळा आहे. चप्पल भेदून आत गेलेला. सकाळपासून असेल. दुखलंच नाही. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे रुग्ण १० कोटींच्या वर आहेत. त्यातल्या सगळ्यांचे पाय बधिर होत नाहीत, पण ज्यांचे होतात त्यांना खडा, खिळा, उन्हात तापलेला डांबरी रस्ता, शेकायला घेतलेलं कढत पाणी यातलं काहीच ओरडून सांगत नाही. जखम, मग चिघळणं, मग बोट, मग पाऊल.

मी इंजिनिअर. मला लगेच काय सुचलं? सेन्सर. चपलेच्या तळाला दाब मोजणारे सेन्सर लावले, ब्लूटूथ लावलं, मोबाईलवर पावलाचं लाल-पिवळं चित्र दिसू लागलं. चित्र फार सुंदर दिसायचं. मुलांनी पोस्टर केलं. पण ते स्वस्त सेन्सर घामाने आणि वापराने सरकायचे, सकाळचं माप संध्याकाळी जुळायचं नाही. तेही एक वेळ सुधारलं असतं. खरी अडचण एका आजींनी दाखवली. त्यांनी स्क्रीनवरचा लाल ठिपका पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “बरं, मग आता मी काय करू?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्या मोजमापानंतर माणसाला करण्यासारखं काहीच नाही, ते मोजमाप आपण आपल्या पेपरसाठी करतो.

मग मोबाईल बाजूला ठेवून चपलेकडे वळलो. बधिर पावलाला काय लागतं हे कुष्ठरोगाच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी फार आधी शोधून ठेवलंय. आत मऊ मायक्रोसेल्युलर रबर, ज्याला सगळे एमसीआर म्हणतात. खाली काटा-खिळा न भेदणारा टणक तळ. मागे पट्टा, कारण बधिर पायातून चप्पल निसटली तरी माणसाला कळत नाही, तो तसाच पुढे चालतो. आणि खिळा कुठेही नको, सगळं शिवलेलं किंवा चिकटवलेलं. बोटांच्या बेचक्यात अंगठा-पट्टी नको, कारण तिथे घासून जखम होते.

ही यादी घेऊन मी सुभाषनगरातल्या एका चर्मकार मामांकडे गेलो. त्यांनी यादी वाचली आणि खिळ्याच्या ओळीला हसले. “खिळा नको म्हंता? सर, कोल्हापुरीला खिळा असतोय कुठं?” खरंच की. अस्सल कोल्हापुरी पायताण चामड्याच्याच वादीने शिवतात. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाचे फोटो टाकले होते, पण बधिर पायासाठी तिचा हा गुण मोलाचा आहे हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आरी आणि रापी चालवणाऱ्या माणसाच्या बोटांत जे ज्ञान आहे ते माझ्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हतं. जयपूर फूट हे कृत्रिम पाऊलही अशाच जोडीतून १९६८ साली घडलं: रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. पी. के. सेठी हे अस्थिशल्यचिकित्सक. परदेशी कृत्रिम पावलाला बूट लागायचा. आपल्या माणसाला मांडी घालायची असते, उकिडवं बसायचं असतं, चिखलात अनवाणी उतरायचं असतं. हे दोघांनी मिळून पाहिलं म्हणून ते पाऊल टिकलं.

आमची पहिली चप्पल शास्त्राप्रमाणे बिनचूक होती. काळं रबर, रुंद पट्टे, वेलक्रो, मागे जाडा पट्टा. सहा जणांना दिली, महिन्याने गेलो तर दोघांच्याच पायात. एका काकांनी स्पष्ट सांगितलं, “सर, ही दवाखान्याची चप्पल हाय. पारावर गेलो की लोक इचारत्यात, महारोग झाला काय म्हणून.” ते ऐकून मी गप्प झालो. कारण कुष्ठरोग्यांनीही अशीच चप्पल घालायला नकार दिल्याचं मी वाचलेलं होतं. चपलेवरून ओळखले जातो म्हणून. वाचलेलं असूनही मी तीच चप्पल केली होती. पाय वाचवायला दिलेल्या वस्तूने माणसाला पारावरून उठवलं. आपण ज्याला सर्वसमावेशकता वगैरे म्हणतो ना, ती तिथे, त्या पारावर ठरते.

दुसऱ्या खेपेला डिझाइन मामांनी केलं, मी फक्त नको ते सांगत राहिलो. बाहेरून कापशी या कोल्हापुरीच्या प्रकाराच्या वळणाची, रुंद पट्टा, बाजूचे कान तसेच. बेचक्यातली अंगठा-पट्टी काढली, पण तिच्याशिवाय “ही कोल्हापुरी दिसतच न्हाई” म्हणून पट्ट्याच्या वर नुसती शोभेची शिवली. मागच्या पट्ट्याला पुरुष ‘पोरांचा सँडल’ म्हणायचे. मामांनी तो चामड्याच्या वेणीचा केला, आणि वेणी कोल्हापुरीवर कुणालाच खटकत नाही. वेणीच्या आत वेलक्रो लपवला, कारण आपल्याकडे माणूस दिवसातून वीस वेळा चप्पल काढतो-घालतो आणि म्हाताऱ्या बोटांना बक्कल जमत नाही. आत एमसीआर. किंमत चप्पल लाईनीतल्या बऱ्यापैकी जोडाइतकी.

एवढं होऊनही एक मोठी चूक उरलीच होती, आणि ती बायकांनी दाखवली. त्यांचं निम्मंअधिक चालणं घरात, फरशीवर, अनवाणी. चामड्याची चप्पल घालून स्वयंपाकघरात आणि देवघरापाशी कोण फिरणार? मग घरातला वेगळा जोड केला, चामडं अजिबात नसलेला, धुता येणारा. तांत्रिकदृष्ट्या त्यात काही विशेष नाही, पेपर होणार नाही. पण सगळ्यात जास्त वापर त्याचाच आहे.

आणि जिथे हरलो तेही सांगतो. गगनबावडा, शाहूवाडीकडे भात लावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात कुठलीच चप्पल टिकत नाही. त्यावर आमच्याकडे आजही वस्तू नाही. रोज रात्री दोन्ही तळवे आरशात किंवा घरातल्या कुणाकडून बघून घ्यायचे, एवढंच सांगतो. ज्यांच्या पावलाला आधीच जखम आहे किंवा आकार बदललाय, त्यांना आम्ही चप्पल देतच नाही. ते काम डॉक्टरांचं. ही रेषा पहिल्या दिवशी आखा, नाहीतर उत्साहात ओलांडली जाते.

तुम्ही इलेक्ट्रॉनिक्सचे आहात, तेव्हा चपलेने तुमचं समाधान होणार नाही. म्हणून मोजमापाची एक गोष्ट. पाय बधिर आहे का, हे तपासायचं जगभरातलं साधन म्हणजे नायलॉनचा एक तंतू. तळव्यावर उभा टेकवून वाकेपर्यंत दाबायचा. तो १० ग्रॅमच्या जोराला वाकतो. तेवढं जाणवलं नाही तर पायाचं संरक्षक भान गेलं असं समजतात. डोळे मिटायला लावायचे, आधी हातावर दाखवायचं, अंगठ्याच्या टोकाला आणि चवड्याला तपासायचं, घट्ट्यावर नाही. आणि मधेच एकदा न टेकवताच ‘लागलं का’ विचारायचं. हे मधलं फार महत्त्वाचं, कारण आपली माणसं डॉक्टरांचं मन मोडू नये म्हणून ‘हो’ म्हणतात.

एवढा साधा तंतू तर आपण कॉलेजात शेकड्यांनी करू, असं मला वाटलं. आमच्या मुलांनी मासेमारीच्या गळाचा नायलॉन आणून केलेही. पण हा तंतू म्हणजे दुसऱ्या वर्षाला आपण शिकवतो तो ऑयलरचा खांब, म्हणजे वरून दाबला की वाकणारा बारीक खांब. वाकण्याचा जोर व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. व्यास ५ टक्के जाड झाला की जोर सुमारे २२ टक्के वाढतो. लांबी ३८ मिलिमीटरऐवजी ३६ कापली गेली तर ११ टक्के. डोळ्याला काहीच दिसत नाही. आम्ही गुजरीतल्या एका सराफांचा तराजू वापरून प्रत्येक तंतू तपासू लागलो, तेव्हा आमच्या पहिल्या गठ्ठ्यातले बरेच बाद झाले. पुढे जुलैत आणखी गंमत. एप्रिलला पास झालेले तंतू पावसाळ्यात १० च्या आधीच वाकू लागले. नायलॉन हवेतला ओलावा पितो आणि मऊ पडतो. आणि आपला जुलै तुम्हाला माहीत आहे, कपाटातले कपडेसुद्धा दमट. शिवाय लागोपाठ माणसं तपासली की तंतू थकतो, त्याला विश्रांती द्यावी लागते.

आता विचार करा, चूक कुठल्या बाजूची परवडते? तंतू मऊ असेल तर चांगल्या पायालाही आपण बधिर म्हणू. एक फेरी दवाखान्याची वाया. तंतू ताठ असेल तर बधिर पायाला स्पर्श जाणवेल आणि आपण त्याला ‘काही काळजी नाही’ म्हणून घरी पाठवू. दुसरी चूक पाय घेऊन जाते. म्हणून आम्ही ताठ बाजूचे सगळे सरळ फेकून देतो आणि मऊ बाजूचे थोडे सोसतो. तुम्ही ऑक्सिमीटर करा, ताप मोजणारी पट्टी करा, काहीही करा, हा प्रश्न सर्किट काढायच्या आधी विचारा. आणि ऑक्सिमीटर करणारच असाल तर रानात राबून भेगाळलेल्या, मेंदी लावलेल्या, थंडीने गार पडलेल्या बोटांवर करून बघा. लॅबमधल्या मुलांची गुळगुळीत बोटं सगळ्याच यंत्रांना आवडतात. सावळ्या त्वचेवर हे यंत्र ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवू शकतं, हेही आता नीट नोंदलेलं आहे. ही चूकसुद्धा दुसऱ्या, म्हणजे धोक्याच्या बाजूची.

कायद्याचं थोडक्यात. १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणं सरसकट औषधांच्या कायद्याखाली आली आहेत, आणि २०१७ च्या नियमांत धोक्यानुसार अ ते ड असे वर्ग आहेत. शिकायला करणं वेगळं, वाटणं-विकणं वेगळं. रुग्णाला हात लावायच्या आधी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या नैतिकता समितीची परवानगी घ्या, आणि संमतीपत्र मराठीत, मोठ्या अक्षरात, वाचून दाखवून. याला वेळ लागतो. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात हे बसत नाही, म्हणून विषय दुसऱ्या वर्षापासून लावा आणि एका तुकडीकडून दुसरीकडे सोपवा.

निधीबद्दल माझं मत जरा कडू आहे. पहिल्या वर्षी तो न मिळालेलाच बरा. पैसे मिळाले की यंत्र मागवलं जातं, आणि यंत्र आलं की प्रश्न त्याच्या मापाचा शोधला जातो. आम्ही सुरुवात चामड्याच्या तुकड्यांवर आणि उद्यमनगरातल्या एका लेथवाल्या ओळखीवर केली. पुढे गरज पडलीच तर शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांकडे जा. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक नफ्याच्या वरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामासाठी खर्च करावेच लागतात. पण त्यांच्याकडे मॉडेल घेऊन जाऊ नका. वापरणाऱ्या माणसाला घेऊन जा. आणि दिव्यांगांना साहित्य देणारी केंद्राची ‘एडिप’ योजना १९८१ पासून आहे; तुमची वस्तू करण्याआधी तिथून काय मिळतं ते बघा, आणि मिळालेलं कुणाच्या घरी मोडून पडलंय तेही. दुरुस्ती हाच कित्येकदा सगळ्यात चांगला प्रकल्प असतो. चाकाच्या खुर्चीचं पुढचं लहान चाक आपल्या रस्त्यांवर किती लवकर जातं, याचा कुणी विद्यार्थी छडा लावेल तर मी त्याला स्वतः मार्गदर्शन करीन.

विषय कुठला, हे तुमच्या परिस्थितीवर आहे. जवळ आरोग्य केंद्र असेल आणि तिथल्या आशाताई बोलत्या असतील तर मोजमापाकडे वळा. मुलं वर्कशॉपमध्ये रमणारी असतील तर दुरुस्तीकडे. काहीच ओळख नसेल तर ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ कोल्हापुरातच आहे, नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली सुरू केलेली. अशा ठिकाणी विचारून, चार-पाच वेळा नुसतं जाऊन बसा. वही न घेता. आणि परत आलात की स्वतःच्या कॉलेजकडे बघा. मी एकदा दिव्यांगांसाठीच्या उपकरणांच्या प्रदर्शनाला परीक्षक होतो, ते तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट बंद. तीन पायऱ्यांच्या जोत्याला, म्हणजे ४५ सेंटीमीटरला, एकास बाराच्या उताराने ५.४ मीटर लांब रॅम्प लागतो. तुमच्या विभागाच्या दारात तेवढी जागा आहे का, हे मुलांना टेप घेऊन मोजायला लावा. तो पहिला प्रकल्प.

उरली खुंटीवरची काठी. ती परत मागवू नका, काकांना वाटेल आपलं काहीतरी चुकलं. काठी करणाऱ्या मुलांना घेऊन काकांकडे जा, आणि बाजाराच्या दिवशी त्यांच्याबरोबर त्यांच्या नेहमीच्या वाटेने चाला. मुलांपैकी एकाने डोळ्यांना रुमाल बांधून तुमची काठी घ्यावी, काकांनी त्यांची घ्यावी. बोलायचं काका बोलतील. बझर काढून मुठीत मोबाईलमधली जुनी थरथरणारी मोटर बसवायला अर्धा तास लागतो, ते सामान खिशात ठेवा. पण काका ‘बसवा’ म्हणाले तरच बाहेर काढा.